ओठांवरून

आमच्या टीव्हीला आवाज नव्हता.
म्हणजे होता,
पण पलीकडच्या खोलीत चार माग,
आणि चार मागांपुढे
कुठल्या इन्स्पेक्टरचं काय चालणार?

खून साडेदहाला व्हायचा.
अप्पा टॉवेल उतरवत असायचे,
अम्मा सुपात पानं घेऊन विड्या वळत.
लग्नाआधी तिनं कारखान्यात कांड्या भरल्या होत्या,
तिथं बायका ओठांवरूनच बोलायच्या,
भांडायच्यासुद्धा.
ती मला ओठ वाचून सांगायची:
हा म्हणतोय, त्या रात्री मी बार्शीला होतो.
मग विडीचं तोंड दुमडत,
खोटं बोलतोय.
कशावरून?
पाणी मागितलं नाही त्यानं.
खरं बोलणाऱ्याला तहान लागते.

मला दुसरी शाळा नाही.
रडू डोळ्यांत नसतं हे तिथं कळलं,
ते गळ्याखालच्या खड्ड्यात आधी हलतं.
दार उघडणाऱ्या बाईनं
पोलिसाकडे नाही बघायचं,
त्याच्या मागं बघायचं,
आपला माणूस आलाय का.
आणि कॅमेरा जवळ आला की
चेहरा कमी करायचा,
चुलीतलं लाकूड मागं ओढतात तसा.

टॉवेलांच्या गठ्ठ्यांवर मी किती वेळा मेलो!
सुरीनं, विषानं,
एकदा तर जिन्यावरून ढकलून दिल्यामुळं.
अप्पा खेकसायचे,
ऊठ बे, एक्स्पोर्टचा माल आहे तो.

मग एका दुपारी खरे पोलीस आले,
शेजारी, मल्लेशम गुंडेटीच्या घरी.
एप्रिल होता, पत्रा करकरत होता.
हवालदार म्हणाला, बसू का जरा?
आणि टोपीनं वारा घेत बसला.
कुणी किंचाळलं नाही. कुणाच्या हातून कप पडला नाही.
मल्लेशमची बायको सगळं ऐकून आत गेली,
आमटीखालचा गॅस बंद केला,
बटण नीट फिरलंय का पुन्हा बघितलं,
आणि बाहेर येऊन म्हणाली,
कुठं यायचं ओळखायला?

तो हात मी ठेवून घेतला.
चोरलाच म्हणा.
अजून तिच्या दारावरून जाताना
मी दुसऱ्या बाजूनं जातो.

पुण्याहून माणसं आली होती,
अशोक चौकाजवळच्या कार्यालयात, लग्नाची फुलं अजून खांबाला.
मी वाक्य म्हटलं.
अरे हळू! भांडतोयस का?
सर, घरात माग आहेत.
हसले सगळे.
मग न बोलता कर काहीतरी.
मी गॅस बंद केला.
पुन्हा बघितलं.
वळलो.
चहावाला पोरगा ट्रे घेऊन उभाच राहिला दारात.
बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं
आणि माझं आडनाव चुकीचं विचारलं.

मिळालं ते शेजाऱ्याचं काम. तेरा सेकंद.
एकच वाक्य:
नाही साहेब, मी काही बघितलं नाही.

लागलं त्या रात्री गल्लीतली पोरं जमली,
वेणुगोपाळनं शेंगाची चटणी आणि कडक भाकरी आणली, कशासाठी कुणास ठाऊक.
अप्पा म्हणाले, माग बंद करू का?
पहिल्यांदाच म्हणाले असं.
अम्मा म्हणाली, चालू राहू दे.

मी आलो. मी गेलो.
पोरांनी शिट्ट्या मारल्या, त्या ऐकू आल्या नाहीत.
अम्मा पडद्याकडेच बघत होती,
तिथं आता साबणाची जाहिरात.
बघितलं नाही म्हणालास, ती म्हणाली,
पण बघितलेलंस तू.
होय ना?

मी पाणी मागितलं.

आत तिसऱ्या मागाचा धागा तुटला.
अप्पा उठायच्या आधी
तीच गेली, गाठ मारायला.